बागेतले बूट

—नाही नाही, तिथे नका बसू, ते टोक ओलं आहे, माळ्यानं आत्ताच पाइप फिरवलाय. इकडे सरका. आणि बाबागाडी जरा त्या झाडाखाली घ्या, तिरीप येतेय तिच्या डोळ्यांवर. हां, अशी. किती गोड झोपलीय! तर तुम्ही विचारलंत, लहान मुलांना न्यायला या गावात चांगली बाग कुठली — बाई, अगदी योग्य माणसाला विचारलंत. पाहुणी आहे मी इथली, लेकीकडे आलेली, पण या शहरातली एक बाग मी सोडलेली नाही. लोक लांबून लांबून येतात, तट बघतात, बुरूज बघतात, माना मोडेपर्यंत वर बघून फोटो काढतात. मी फक्त घसरगुंड्या बघितल्या. जिची तिची हौस.

आता आमच्या बिल्डिंगच्या खालीच एक बाग आहे. नवी कोरी. खाली ते रबराचं मऊ अंथरलेलं, पडलं तरी मूल उसळून वर येईल असं. झोपाळे, सीसॉ, पाण्याचा नळसुद्धा मुलांच्या उंचीचा. मग तिथं का नाही जात? — तेच सांगतेय ना. तिथं खालच्या मजल्यावरची बाई येते, तिचं तोंड म्हणजे चौकातला भोंगा. सकाळी मूल शिंकलं की संध्याकाळी माझ्या लेकीला लिफ्टमध्ये विचारणार, सर्दी बरी आहे का. ते काढून टाका. मग आहे ती तोफेची बाग, टेकडीवरची. खरी तोफ आहे हो, शत्रूवर डागलेली, आता तिच्या तोंडात पोरं चेंडू कोंबतात. बाग छान, पण तोफ दुपारी तापते, चड्डीतल्या पोरांची बुडं भाजतात. शिवाय तिथं लेकीच्या ऑफिसातली एक येते जुळ्यांना घेऊन. दोनदा तोंड चुकवलं, तिसऱ्यांदा नाही गेले. मग संग्रहालयाची बाग. फुलं बघत राहावीत अशी, पण हिरवळीवर पाटी, पाटीमागे शिट्टीवाला. मी त्याला सरळ विचारलं, मूल रांगलं तर? तो म्हणाला, आजी, नियमात फक्त चालू नये असं लिहिलंय. म्हणजे बघा, रांगलेलं चालेल, पण चाललेलं चालणार नाही! मी म्हटलं, वा, आमच्या घरी पण हल्ली हाच निय—

काही नाही. असंच आपलं.

आणि मग ही. खंदकातली. दोन बस बदलाव्या लागतात, वर एवढ्या पायऱ्या उतरायच्या, परत चढायच्या, माझे गुडघे बोलायला लागतात. पण सावली बघा तटाची, दुपारपर्यंत हलत नाही. पूर्वी इथं पाणी होतं म्हणे, त्यात मगरी सोडलेल्या. आता गवत आहे आणि मगरीच्या आकाराची घसरगुंडी. कोणाला सुचलं असेल! आणि मुख्य म्हणजे ओळखीचं कोणी येत नाही. म्हणजे — गर्दी नसते, असं म्हणायचं होतं मला.

तो बघा, तो लाल टोपीवाला, तो आमचा. गुंडोपंत. नाव वेगळं आहे, पण मी गुंडोपंतच म्हणते, पोट बघा की त्याचं. आले, आले! बघा कसा येतोय, दोन्ही हात वर, जसं काही पोलिसानं बंदूक रोखलीय. अरे सावकाश! धप्प. पडला नाही हं, बसला. पडलं म्हटलं की रडतो, बसला म्हटलं की उठतो. उठला बघा. जा, मगरीला विचार जेवलीस का म्हणून. जा.

काय? कधीपासून चालतोय? आजच. म्हणजे — आज म्हटलं का मी? आज नाही, बरेच दिवस झाले. चांगला महिना झाला असेल. पण — थांबा, तुम्ही राहता कुठे? नदीपलीकडे. आणि नोकरीबिकरी? सध्या घरी, हो ना, एवढ्या तान्ह्या मुलीला टाकून कुठे जाणार. इथं कोणाला ओळखत नाही म्हणालात मघाशी. नवीनच आहात. बरं. बरं झालं. अहो, विचारलं सहज. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या लेकीच्याच वयाची दिसतेस. ऐक. त्याच्या आईला माहीत नाही तो चालतो ते. अशी दचकू नकोस. घरी तो चालत नाही, इथंच चालतो. आणि मी सांगितलेलं नाही, कारण आईनं पाहायला हवं ना पहिलं पाऊल? ती बिचारी सकाळी जाते, अंधार पडल्यावर येते, जावई फिरतीवर. घरी आल्याआल्या चप्पल काढायच्या आधी विचारते, आई, आज काही केलं का त्यानं? मी कसं म्हणू, केलं गं, तू नव्हतीस? म्हणून मी म्हणते, नाही बाई, काही नाही, आज डाळिंबाचे दाणे नाकात घातले तेवढंच. म्हणजे जेव्हा तिच्यासमोर चालेल तेव्हा तेच पहिलं. होय की नाही? आईसाठीच केलं मी.

असं बघू नकोस गं माझ्याकडे. डोळ्यांत पाणी काय आणतेस? चांगली-बिंगली नाही मी. हे मी मनाशी घोकून घोकून इतकं गुळगुळीत केलंय, की तोंड उघडलं की तेच आधी बाहेर पडतं.

तुला ते मनोऱ्याचं घड्याळ माहीत आहे? चौकातलं, कधीच बरोबर वेळ दाखवत नाही ते. त्याच्या शेजारच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर पाळणाघर आहे. फार चांगलं आहे म्हणतात, खिडकीतून सगळं शहर दिसतं, बाई मायाळू आहे. पण जिना! दगडी, गोल गोल, एका वेळी एकच माणूस मावेल असा, आणि पायऱ्या एवढ्या उंच. लिफ्ट बसवायची सोय नाही, जुन्या वास्तूत खिळासुद्धा परवानगीशिवाय ठोकता येत नाही. मग त्या बाईचा नियम — मूल आपल्या पायांनी चालायला लागलं की आणा, त्याआधी नाही. आग लागली, काही झालं, तर ती कोणाकोणाला कडेवर घेऊन उतरणार? बरोबरच आहे तिचं. लेकीनं जागा धरून ठेवलीय. रोज म्हणते, आई, एकदा हा चालायला लागला ना, की तू मोकळी.

मोकळी! कळलं का तुला? तिला वाटतं मी इथं अडकलेय. आणि त्यात तिची काय चूक, मीच शहाणी. आले तेव्हा ऊठसूट म्हणायचे, मला नाही बाई करमत तुमच्या शहरात, माझं घर बरं, माझी झाडं बरी. बोलायची पद्धत असते आपली. लगेच कसं म्हणायचं, फार छान आहे, इथंच राहते? तिनं ते खरं धरलं. आणि घरी काय आहे माझ्या? हे गेले. झाडांना शेजारीण पाणी घालते, मी असताना धड जगायची नाहीत, आता चांगली वाढलीत म्हणे. संध्याकाळी टीव्ही लावायचा, तो बोलतो, आपण ऐकायचं. मग आता काय म्हणू लेकीला? बाई गं, मला ठेवून घे? जिला बोट धरून चालायला शिकवलं, तिच्यापुढे पदर पसरू? नाही होत गं. जीभ उचलत नाही. त्यापेक्षा हे सोपं वाटलं. एक आठवडा, म्हटलं. मग आणखी एक.

पण तू विचारशील, आणि विचारलंसच, मूल आहे ते, घरी कसं नाही चालत? त्याला काय कळतं आजीचं राजकारण? तेच तर. त्याचे पाय बघ. पाय नाही, बूट बघ.

मी जन्मभर बुटाच्या दुकानात होते. लोकांच्या पायांशी बसून गेला जन्म. आत येणाऱ्याचा चेहरा लक्षात नाही राहायचा, पण बसला, मोजा काढला, की मी सांगायचे, तुम्ही मागच्या वर्षी आला होतात. तर पहिल्यांदा इथं आलो तेव्हा तो माझ्या बोटाला धरून उभा राहायचा, पण बाकापुढच्या वाटेवरची ही खडी टोचायची त्याला. म्हणून मी बूट घेतले. पुलाजवळच्या दुकानातून, तळ वाकवून बघून, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून, अगदी रीतसर. ते बूट घातले आणि माझं बोट सोडून निघाला. इथंच, त्या नळापर्यंत. मी टाळ्या वाजवल्या आणि रडलेही. मग घरी जाताना बसमध्ये बूट काढले आणि पिशवीत, छत्रीखाली, ठेवून दिले. का ठेवले? तेव्हा विचार केला नव्हता. खोटं. केला होता.

आणि त्यानं काय केलं माहीत आहे? त्यानं आपला एक कायदा करून टाकला. बूट घातले की चालायचं, बूट नाहीत की रांगायचं. मुलांचं असंच असतं, एकदा पाहिलं तेच खरं. घरी त्याला उभं करा, मटकन खाली बसतो. रागावून नाही, हट्टानं नाही. समजूतदारपणे. माझ्याकडे बघतो, म्हणतो — बोलत नाही अजून, पण म्हणतो — आजी, बूट? आणि मला मोडता आला असता गं तो कायदा. एक दिवस अनवाणी हिरवळीवर फिरवलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरला असता. मी नाही मोडला. मला तो फार सोयीचा पडला.

हस, हस. मलाही गंमत वाटायची. परवापर्यंत.

परवा लेक घरी आली ती ठरवूनच. ऑफिसातल्या त्या जुळ्यांच्या आईनं काहीतरी सांगितलं असणार, फोनवर काहीबाही वाचलं असणार. सोफ्याला धरून त्याला उभं केलं, स्वतः समोर गुडघ्यांवर बसली, हात पसरले. ये ना राजा, ये ना, एकच पाऊल. तो तिच्याकडे बघून हसला. मग माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात. आणि खाली बसून त्यानं पाय उचलला, उजवा, सरळ माझ्याकडे. बूट घाल म्हणत होता. दुसरं काय? रोज इथं याच बाकावर तो तसाच बसतो, तस्साच पाय पुढे करतो, आणि मी खाली बसून बूट चढवते. पण लेकीला काय माहीत? ती म्हणाली, आई, हा पाय का उचलतोय? आई, पाय दुखतोय का त्याचा? पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. तिनं तो एवढासा पाय हातात घेतला, दाबून बघितला, घोट्यापाशी, टाचेपाशी, इथं दुखतं का, इथं? आणि त्याला वाटलं खेळ आहे, आणखीनच उंच केला. आणि मी तिथं उभी. पोळपाट हातात. मला माहीत होतं तो काय मागतोय. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, डॉक्टरांना दाखव बाई एकदा.

मी म्हणाले! दुसऱ्या कोणी नाही, माझ्याच तोंडून आलं ते. तू सोड, बोलू नकोस, मला काही सांगू नकोस. उद्या सकाळी जायचंय. पायाचा फोटो काढणार आहेत, मग गरज पडली तर मणक्याचा. ती रात्रभर जागी असते. पोटात असताना मी एकदा जिन्यावरून घसरले होते ना आई, त्यानंच तर नसेल? मी लवकर कामावर गेले म्हणून तर नसेल? माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडते, आणि मी तिच्या केसांतून हात फिरवते. याच हातानं. याच हातानं दुपारी बूट चढवलेले असतात. आज सकाळी ठरवलं होतं, सांगून टाकायचं, अगदी दारापर्यंत गेले तिच्या मागे. तर ती वळून म्हणाली, आई, तू नसतीस तर मी काय केलं असतं. झालं. डबा तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

सांगून टाका म्हणतेस. तुझं बरोबर आहे. पण कसं सांगू? सांगितलं की दोन गोष्टी होतील. एक, ती मला जा म्हणेल. ते एक वेळ ठीक, ते तसंही होणारच होतं. पण दुसरं, ती माझ्याकडे कशी बघेल? खालच्या मजल्यावरच्या बाईकडे बघते तसं जरी बघितलं ना, तरी मी—

अगं बाई. अगं बाई, ती बघ. पायऱ्यांवर. निळी पिशवी खांद्याला. माझी लेक आहे ती! इथं कशी? फोन. फोनात काहीतरी घालून दिलंय तिनं मला, आई, जुन्या गल्ल्यांत हरवशील, तू कुठे आहेस ते मला दिसत राहील म्हणून. मी विसरलेच होते ते. रजा टाकून आली असणार, ऑफिसात मन लागलं नसेल. बूट! ये रे, ये लवकर, बस इथं, हां, पाय दे. या चिकटपट्ट्या फाडताना आवाज किती करतात! हा एक. हा दुसरा. घे. अगं घे ना! तुझ्या गाडीखालच्या त्या जाळीत टाक, दुपट्याखाली. तुझ्या मुलीचे म्हण. माहीत आहे ती पाळण्यातली आहे, पुढे घालायला घेऊन ठेवलेत म्हण. नाहीतर काही म्हणूच नकोस. मघापासून एक शब्द बोलू दिला नाही मी तुला, आता तशीच राहा. तेवढं कर माझ्यासाठी.

—ये गं, ये! लवकर सुटलीस? बस. ही आत्ताच भेटली इथं, नवीन आहे गावात, बागा विचारत होती. डोळे का असे लाल? रडलीस ना ऑफिसात? अगं, उद्या बघतीलच ना डॉक्टर. हो, आवडतं त्याला इथं. सावली असते. नाही, आज काही नाही केलं. म्हणजे, खेळला.

उभं नको करू त्याला. दमलाय तो. अगं, आत्ता कशाला? बरं. बरं, कर.

बसला बघ. म्हटलं होतं ना, दमलाय. हो, उचललाय पाय, दिसतंय मला. नाही गं, दुखत नाहीये. दाबू नकोस. रडू नकोस अशी, लोक बघतात. मी सांगते ना, त्याच्या पायाला काही झालेलं नाही. कशावरून म्हणजे? मी — मी बघितलेत गं जन्मभर पाय.

अरे, तिकडे कुठे रांगत निघालास? गुंडोपंत! इकडे ये. दुसऱ्यांच्या गाडीला हात लावू नये. सोड ते दुपटं, बाळ झोपलंय ना? सोड म्हणते ना. सोड रे राजा.

...

ते बूट? ते या हिच्या — हिच्या मुलीचे आहेत. पुढे घालायला म्हणून. हो ना गं?

बोल ना.

नाही बोलत. बरोबर आहे, मीच म्हटलं होतं.

हो, टाचा झिजल्यात. हो, त्याच्याच मापाचे आहेत. तू नको घालूस, तुझ्याकडून नाही जायचे, आधी उजवा लागतो त्याला, डावा आधी घातला की काढून टाकतो. दे इकडे. दे म्हणते ना मला. सरक, मला खाली बसू दे, गुडघे वाजले तर वाजले. पाय दे रे. हां. आता हा. झालं.

आता तू जा. त्या नळापाशी जाऊन उभी राहा. नंतर विचार, जे विचारायचं ते विचार, मी इथंच आहे, आज रात्रीपर्यंत तरी आहे. आधी जा. हात पसर, परवा पसरले होतेस तसे.

जा रे बाळा. आईकडे जा.

अगं, माझ्याकडे काय बघतेस? त्याच्याकडे बघ. त्याच्याकडे बघ ना, आला तो.